दुसरं टोक

रात्रीचे पावणेबारा. कर्वे रोडवरच्या दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात तुमच्याशिवाय कुणी उरलेलं नाही. खालच्या अमृततुल्यवाल्यानं शटर ओढलं, त्यालाही तास होऊन गेला. कागदी कपाच्या तळाशी चहा वाळून डिंकासारखा झालाय. समोर स्क्रीनवर सात मजली इमारत उभी आहे, म्हणजे नुसत्या रेघा उभ्या आहेत. उभी रेघ म्हणजे कॉलम, आडवी म्हणजे बीम. जाडी आहे ती प्रॉपर्टीच्या खिडकीत लिहिलेली: बीम २३० बाय ४५०, कॉलम ३०० बाय ६००. रेघेला स्वतःला अंग नाही.

अ‍ॅनालिसिस होऊन गेलंय. एरर शून्य, वॉर्निंग शून्य. वरून जेवढं ओझं घातलं तेवढंच पायथ्याशी उतरलंय, बेरीज चोख जुळते. घरी जायला हरकत नव्हती. पण निघता निघता सवयीनं तुम्ही डिफ्लेक्टेड शेप उघडता, आणि पहिल्या मजल्यावरचा एक बीम दमलेल्या कुत्र्याच्या जिभेसारखा खाली लोंबताना दिसतो.

झूम. अजून झूम. चार मीटरचा बीम. एक टोक मोठ्या बीमला घट्ट धरून आहे. दुसरं टोक समोरच्या बीमच्या दारापर्यंत जाऊन थांबलंय. इतकं जवळ, की सगळा मजला स्क्रीनवर असताना दोन्ही रेघा भेटलेल्याच वाटतात. इनपुट एडिटर उघडून आकडे बघता. समोरच्या बीमवरचा नोड ११८, त्याचा झेड ६.०००. तुमच्या बीमच्या टोकाचा नोड ३४७, त्याचा झेड ५.९८८.

१२ मिलिमीटर.

ते कुठून आले हे लक्षात येतं तेव्हा हसावं की रडावं कळत नाही. या एका मजल्याचा प्लॅन आर्किटेक्टकडून दुसऱ्यांदा आला होता. समोरचा बीम तुम्ही जुन्या प्लॅनवरून घेतलेला, हा छोटा नव्यावरून. आणि नव्यात कुणीतरी मापं प्लास्टर धरून घेतली होती. आतलं प्लास्टर १२ मिलिमीटरचं. प्लॅनची डीएक्सएफ फाइल तुम्ही जशीच्या तशी स्टॅड या अ‍ॅनालिसिसच्या प्रोग्रॅममध्ये ओढली. (वरची दिशा वाय की झेड, हे सांगायला विसरलं तर अख्खी इमारत कुशीवर झोपते. ती चूक परवडली, निदान दिसते तरी.)

आता कागदावर आकडेमोड करता. मीटरला २० किलोन्यूटन ओझं, लांबी ४ मीटर. दोन्ही टोकं टेकलेली असती तर मध्यभागी ४० किलोन्यूटन-मीटरचा मोमेंट आला असता. एकच टोक धरलेलं, म्हणजे कॅन्टिलिव्हर: धरलेल्या टोकाशी १६०. चौपट. वाकणं तर साडेनऊ पटींहून जास्त. एकीकडे ४० आणि दुसरीकडे ४० किलोन्यूटन जायचे, ते ८० च्या ८० एकाच बीमच्या बोकांडी बसले आणि समोरचा बीम फुकटात सुटला. बेरीज ८० च. म्हणून तर पायथ्याची बेरीज जुळत होती. समतोलाला काय, तो चुकीच्या रचनेतही नियमानं साधतो.

दुरुस्ती दोन क्लिकची आहे. लोंबणारा बीम पुसायचा आणि नवा काढायचा. तुम्ही पुसता. ११८ वर क्लिक करता; नवी रेघ तिथे रोवली जाते आणि तिचं दुसरं टोक कर्सरला चिकटून रबरासारखं ताणत येतं. ते कुठे टेकवायचं हे ठाऊक आहे. पण तुम्ही क्लिक करत नाही. उगीचच माउस मागे ओढता, इमारतीच्या बाहेर, स्क्रीनच्या कडेपर्यंत, आणि रेघ ताणतच जाते.

अमोनियाचा वास नाकात शिरतो.

हे सदाशिव पेठ. १९८८, भर पावसाळा. वाड्याच्या माडीवरचं ऑफिस, लाकडी जिना, खिडकीच्या चौकटीचं फुगलेलं लाकूड. तिरक्या बोर्डावर गेटवे ट्रेसिंग पेपर चिकटपट्टीनं ताणून लावलेला. बोर्डाशी उभे असलेले ड्राफ्ट्समन काका वळूनही बघत नाहीत.

“या. चपला बाहेर काढा. बोर्डाला हात नको, शाई ओली आहे.”

तुम्ही मागे उभे राहता. काकांच्या उजव्या हातात रोट्रिंगचं पेन आहे, कागदाला काटकोनात धरलेलं. डावा हात ड्राफ्टरवर. अक्षरशः श्वास रोखून ते रेघ ओढतात आणि शेवटाला पोचल्यावरच सोडतात. बीम इथे एका रेघेचा नसतो. ०.५ च्या पेननं दोन समांतर रेघा, बीमच्या दोन कडा; आणि त्यांच्या मधून ०.१८ नं तुटक सेंटर लाइन, एक लांब, एक आखूड, एक लांब. काठाचा बीम कॉलमच्या बाहेरच्या फेसला लावलेला, त्यामुळे कॉलमची मधली रेघ आणि बीमची मधली रेघ एक होत नाहीत. ३०० च्या कॉलमवर २३० चा बीम एका कडेला घेतला की दोन्ही मध्यांत ३५ मिलिमीटरचं अंतर पडतं. काकांच्या ड्रॉइंगमध्ये ते अंतर उघड्या डोळ्यांना दिसतं. तुमच्या मॉडेलमध्ये दोन्ही रेघा एकाच नोडवर आणून बांधलेल्या आहेत. तो ठरवून केलेला सोयीचा खोटेपणा आहे, आणि आपण सगळेच तो रोज करतो.

काकांच्या हातून एक रेघ केसभर पुढे जाते. ते चकार शब्द काढत नाहीत. खिशातून अर्धं ब्लेड काढतात, कागदाला जवळजवळ आडवं धरून शाई खरवडतात, फुंकर मारतात, आणि मग त्या जागेवर अंगठ्याचं नख घासत राहतात. खरवडलेल्या जागी कागदाचे तंतू उघडे पडतात, त्यावर परत शाई घातली की ती पसरते. नखानं ते पुन्हा बसवावे लागतात. एक रेघ पुसायला तीन मिनिटं. तुमच्या डिलीटच्या बटणाची तुम्हाला जरा लाज वाटते.

तुम्ही धीर करून विचारता, “काका, समजा एक बीम दुसऱ्याला बारा मिलिमीटर आधीच थांबला, तर?”

“कुठे, साइटवर?”

“ड्रॉइंगमध्ये.”

काका पहिल्यांदा मान वळवून बघतात. “स्केल काय?”

“एकास शंभर.”

“म्हणजे एक दशांश मिलिमीटर अन् थोडं वर. अहो, माझं पेनच अर्ध्या मिलिमीटरचं आहे. तुमचे बारा मिलिमीटर माझ्या शाईत बुडाले. आणि हा कागद बघा,” ते ट्रेसिंगच्या फुगलेल्या कोपऱ्यावर टिचकी मारतात, “पावसाळ्यात हाच त्याहून जास्त वाढतो. म्हणून तर खाली लिहितो, माप कागदावर मोजू नये, लिहिलेलं धरावं.”

खरंच आहे. एकास शंभरच्या ड्रॉइंगवर अर्ध्या मिलिमीटरची रेघ प्रत्यक्षात ५० मिलिमीटर रुंद असते. तेवढ्या रुंदीत कितीतरी चुका गुण्यागोविंदानं नांदत. दोन रेघा भेटल्या आहेत हे वाचणाऱ्याच्या डोळ्याला कळे, आणि डोळा मोठ्या मनाचा असतो.

शेजारच्या खोलीत प्रिंटचं नळकांडं उघडतं. अमोनियाचा दुसरा लोट येतो, डोळे चुरचुरतात. रेघ अजून तुमच्या बोटाशी ताणलेली आहे. ती आणखी मागे जाते.

आता थंडी आहे, ती पुण्याची नव्हे. १९६२ चा हिवाळा, अमेरिकेतलं लेक्सिंग्टन, एमआयटीची लिंकन लॅबोरेटरी. खोलीभर पसरलेलं टीएक्स-२ हे यंत्र, पंख्यांची घरघर, आणि त्याच्या एका अंगाला सात इंचांचा चौकोनी पडदा. पडद्यासमोर चोवीस वर्षांचा एक विद्यार्थी बसलाय. उजव्या हातात लाइट पेन, डावा हात बटणांच्या पेटीवर. आयव्हन सदरलँड. त्याचा पीएचडीचा प्रबंध येत्या जानेवारीत, १९६३ मध्ये जाईल. प्रोग्रॅमचं नाव स्केचपॅड. मार्गदर्शक क्लॉड शॅनन. मोठी माणसं आहेत सगळी, पण तुमचं लक्ष त्यांच्याकडे नाही. तुमचं लक्ष पडद्यावर आहे.

तो पेन पडद्याशी नेतो. पेनाच्या टोकाखाली प्रकाशाची फुली उमटते आणि पेन जाईल तिकडे मागोमाग जाते. डाव्या हाताचं बटण दाबतो, आणि फुलीपासून एक रेघ निघते. एक टोक रोवलेलं, दुसरं पेनाला चिकटलेलं, रबरासारखं ताणत येणारं. तुम्ही चमकता. ही तुमचीच रेघ आहे! मघापासून जी तुमच्या बोटाशी आहे ती.

मग तो पेन एका जुन्या बिंदूच्या जवळ नेतो. बरोब्बर बिंदूवर नाही, जरा अलीकडे. आणि रेघेचं टोक टुणकन उडी मारून बिंदूवर जाऊन बसतं. पेन जवळ आला की यंत्र ठरवतं, ह्याला तिथेच जायचं होतं. जणू त्या बिंदूला गुरुत्वाकर्षण आहे. तुम्ही रोज ज्याला स्नॅप म्हणता, त्याचा हा आजोबा. रेघ पुरी झाली की तो मनगटाला एक झटका देतो. पेन इतक्या वेगानं सुटतो की फुलीला त्याचा माग लागत नाही, आणि काम थांबतं.

पण खरी गंमत पडद्यावर दिसत नाही, ती यंत्राच्या पोटात आहे. तीन रेघा एका बिंदूत मिळत असतील तर स्केचपॅड तो बिंदू तीनदा लिहून ठेवत नाही. बिंदू एकदाच, आणि तिन्ही रेघा त्या एकाच बिंदूकडे बोट दाखवतात. बिंदू हलवला की तिन्ही हलतात. काकांच्या कागदावर रेघा भेटल्यासारख्या दिसायच्या. इथे त्या भेटलेल्या तरी असतात किंवा नसतात. मधलं काही नाही. शाईचा मोठेपणा इथून संपला.

तो आता पूल काढतो. त्रिकोणी जाळीचा, दोन्ही टोकांना टेकू दिलेला. मध्ये ओझं लावतो. यंत्र थोडा वेळ विचार करतं, पुलाचा आकार जरासा बसतो, आणि प्रत्येक दांडीशेजारी एक आकडा येतो, त्या दांडीत किती बळ आलं याचा. टेकू सरकवला की आकडे बदलतात. तुम्ही पडद्याकडे खिळून बघत राहता. रेघ काढावी आणि रेघेनंच सांगावं की मला किती ताण पडतोय, हे तुमच्या रोजच्या पोटापाण्याचं काम. ते इथे पहिल्यांदा घडतंय, सात इंचांच्या चौकोनात, लुकलुकणाऱ्या ठिपक्यांतून.

यानंतर काय झालं ते मात्र फार मजेशीर आहे. एवढं सुंदर पेन हाताशी आलं, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरांनी पुढे कितीतरी वर्षं त्याला हातच लावला नाही. लावणार कसा? असा पडदा कुणाकडे होता! १९६४ मध्ये एमआयटीतच स्टीव्हन फेनव्हेस आणि सहकाऱ्यांनी स्ट्रेस नावाचा प्रोग्रॅम आणला, आणि त्यात रेघ काढायची सोय नव्हती, रेघ सांगायची सोय होती. जॉइंट कोऑर्डिनेट्स, म्हणजे बिंदू कुठे ते. मेंबर इन्सिडन्सेस, म्हणजे अमुक मेंबर अमुक बिंदूपासून तमुक बिंदूपर्यंत. सगळं कार्डांवर भोकं पाडून. कार्डांचा गठ्ठा हातातून निसटला की इमारत जमिनीवर सांडली. हेच दोन शब्दप्रयोग मघाशी तुम्ही कर्वे रोडवर इनपुट एडिटरमध्ये वाचलेत. साठ वर्षं होऊन गेली, पण स्टॅडच्या फाइलच्या पोटात आजही जॉइंट कोऑर्डिनेट्स आणि मेंबर इन्सिडन्सेस तसेच बसलेले आहेत, वाड्याची इमारत झाली तरी जोत्याचे दगड जुनेच असावेत तसे. वर तुम्ही माउसनं रेघ ओढता. खाली फक्त एक ओळ लिहिली जाते: मेंबर अमुक, ११८ पासून.

इथेच तुम्हाला आपल्या बारा मिलिमीटरचं कोडं उलगडतं. हातानं रेघ काढली असती तर स्नॅपनं ती ओढून घेतली असती. पण तुमची रेघ फाइलीतून आयती आली. गुरुत्वाकर्षण होतं, पण जवळ येणारा हातच नव्हता.

माउस अजून हातात. रेघ ताणत जाते, समुद्र ओलांडते.

६ जून १८८४. पॅरिसमधली एक खोली, टेबलाशी अठ्ठावीस वर्षांचा मॉरिस केक्लँ, हातात पेन्सिल. एफेलच्या कंपनीतला इंजिनिअर. आज ऑफिसचं काम बाजूला ठेवून घरी एक कागद घेऊन बसलाय. कागदावर चार पाय जमिनीपाशी फाकलेले आणि वर जाताना एकमेकांकडे कललेले, मध्ये ठराविक उंचीवर आडवे पट्टे. पायांच्या बाहेरच्या कडा सरळ नाहीत, त्यांना एक वळण आहे. ते वाऱ्यानं काढलेलं वळण आहे. कुठल्या उंचीवर वारा किती जोर लावेल, त्या हिशेबानं पाय किती फाकायचे ते ठरतं. उंची ३०० मीटर. शेजारी त्यानं तुलनेसाठी एकावर एक इमारती रचल्यात: नोत्र दामचं चर्च, त्यावर स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, त्यावर आणखी काही, अशी उतरंड. लहान मुलानं ठोकळे रचावेत तशी. मनोऱ्याला पुढे नाव मालकाचं लागलं, ते वेगळं. त्याचे हक्कही मालकानंच विकत घेतले. आपल्याकडेही ड्रॉइंगच्या कोपऱ्यात सही कुणाची असते आणि रात्र कुणाची गेलेली असते, हे का सांगायला हवं?

या माणसाचं शिक्षण झुरिकच्या पॉलिटेक्निकमधलं, कार्ल कुलमनच्या हाताखाली. कुलमननं १८६६ मध्ये ग्राफिक स्टॅटिक्सवरचा ग्रंथ काढला. गणित रेघांनी करायचं, हा त्याचा सगळा आग्रह. जुन्या पिढीतल्या आपल्या इंजिनिअरांनीही कॉलेजात हे केलेलं आहे. त्यांना विचारा, हात अजून हवेत समांतर पट्ट्या सरकवू लागतो.

तुम्हीही एक पेन्सिल उचलता. एका सांध्यावर ६ टनांचं ओझं, खाली दोन तिरक्या दांड्या, दोन्ही ४५ अंशांत. एक सेंटिमीटर म्हणजे एक टन असं ठरवून ६ सेंटिमीटरची उभी रेघ काढता. तिच्या वरच्या टोकापासून पहिल्या दांडीला समांतर रेघ, खालच्या टोकापासून दुसरीला समांतर. जिथे दोन्ही भेटतात तिथे त्रिकोण मिटतो. पट्टी लावता: प्रत्येक बाजू ४.२ सेंटिमीटर. म्हणजे प्रत्येक दांडीत ४.२ टन. ना समीकरण, ना साइन-कॉस. मग पुढचा सांधा, त्याचा बहुभुज. आधीची एक रेघ इथे उपयोगी पडते, कारण तीच दांडी दोन्ही सांध्यांत आहे. असं एकेका सांध्याचा हात धरत पुढे जायचं. पेन्सिल बोथट झाली की चूक साठत जाते आणि शेवटचा बहुभुज मिटत नाही; मग सगळं पहिल्यापासून.

तुम्ही मुद्दाम आपला लोंबता बीम या पद्धतीत बसवून बघता. नोड ३४७. तिथे एकच रेघ येते. ओझ्याची एक रेघ, दांडीची एक रेघ, आणि बस. त्रिकोण होतच नाही. पेन्सिल तिथल्या तिथे अडते. संगणकानं बीमला एका टोकाला घट्ट जखडून हा प्रश्न गुपचूप सोडवून टाकला होता. कागदानं तो सोडवू दिला नाही. केक्लँ असता तर दहा सेकंदांत मान हलवून त्यानं तुमच्याकडे बघितलं असतं.

तीन वर्षांनी, १८८७ मध्ये, लव्हालुआ-पेरेच्या कारखान्यात याच मनोऱ्याच्या १८,०३८ तुकड्यांची ड्रॉइंगं निघतील, पाच हजारांहून जास्त. रिव्हेटचं प्रत्येक भोक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शापर्यंत नेमकं. आणि रिव्हेट पंचवीस लाख. तिथे १२ मिलिमीटर हा शब्द तुम्ही तोंडातून काढत नाही.

रेघ अजून हातात आहे. पण आता ती जाड होतेय, खरखरीत. चिमटीत धरता तर सुताचा पीळ बोटांना लागतो.

बेतवा नदीकाठचं भोजपूर, आजच्या भोपाळपासून जवळ. अकरावं शतक, राजा भोजाचा काळ. ऊन मी म्हणतंय. तुम्ही सपाट खडकावर उभे आहात, आणि पायाखाली ड्रॉइंग आहे. खडकात छिन्नीनं कोरलेल्या रेघा. मंदिराचा तलविन्यास, खांब, शिखराची कडा. भोजेश्वराचं अर्धवट राहिलेलं मंदिर जवळच उभं आहे, त्याच्या मागे दगड वर चढवायला घातलेला मातीचा उतार. दगडांवर हजाराहून जास्त गवंडीखुणा आहेत, कोणता तुकडा कुणाचा ते सांगणाऱ्या. आणि खाणीच्या खडकांवर ही ड्रॉइंगं. आणखी हजारेक वर्षांनी ॲडम हार्डी नावाचा अभ्यासक या रेघा आणि ‘समराङ्गणसूत्रधार’ हा ग्रंथ शेजारी ठेवून वाचेल. तो ग्रंथ भोजाच्याच नावावर आहे, आणि त्यात मंदिरांच्या ज्या तऱ्हा आहेत त्यांतली भूमिज ही तऱ्हा तुम्ही पाहिलेली आहे: अंबरनाथचं १०६० मधलं शिवमंदिर त्याच घडणीचं. कल्याणच्या पुढे लोकल गेली की स्टेशनच्या गर्दीत ज्याची आठवण कुणाला येत नाही, ते.

समोर उकिडवा बसलेला माणूस तुमच्याकडे बघतो. भाषा जुळायचा प्रश्नच नाही. तो गेरूत बुडवलेली दोरी उचलतो, एक टोक खडकातल्या खाचेवर स्वतःच्या अंगठ्याखाली दाबतो आणि दुसरं टोक तुमच्याकडे फेकतो. तुम्ही ते पकडता. तो हातानं खूण करतो: ओढ. तुम्ही ओढता. अजून. दोरी ताणून खडकाच्या पोटाला चिकटते. मग तो दोन बोटांनी ती मधोमध उचलतो आणि सोडतो.

टण्.

खडकावर तांबडी रेघ. दोरीच्या जाडीची, आणि दोन्ही टोकांना बरोब्बर तिथेच संपलेली, जिथे दोन अंगठे होते.

ह्या माणसाला सूत्रधार म्हणतात. सूत्र धरणारा. नाटकातला सूत्रधार आपल्याला लगेच आठवतो, पण आपल्या आळीतला सुतारही त्याच शब्दाचा झिजलेला नातू आहे, हे रंधा मारताना त्याला कुणी सांगत नाही. तुम्ही तुमच्या अंगठ्याकडे बघता. गेरूनं माखलाय. या रेघेला हात सोडून चालत नाही. एकानं जरी अंगठा बारा मिलिमीटर अलीकडे धरला असता तर दुसऱ्याला दोरीतून ते कळलं असतं.

तो छिन्नी उचलतो आणि रेघेवर पहिला घाव घालतो. तुमच्या हातातली दोरी सैल पडते.

क्लिक.

कर्वे रोड. बारा वाजून पाच मिनिटं. रेघ ११८ पासून निघून मोठ्या बीमच्या नोडवर टुणकन बसली आहे. तुम्ही अ‍ॅनालिसिस पुन्हा चालवता. हिरवी पट्टी भरते. डिफ्लेक्टेड शेप: जीभ आत गेली. बीम आता मध्ये नाजूकसा वाकलाय, दोन्ही टोकांशी शिस्तीत. पलीकडच्या फुकट्या बीमवर त्याचे ४० किलोन्यूटन आले आणि त्याचं लोखंड वाढलं. पायथ्याची बेरीज पूर्वीइतकीच. तुम्ही डुप्लिकेट नोडच्या तपासणीतली मर्यादा एक मिलिमीटरची पंधरा करता, पुन्हा सगळी इमारत तपासता, काही सापडत नाही. मर्यादा पुन्हा एकवर आणता, कारण पंधरावर ठेवली तर उद्या दोन खरोखर वेगळे बिंदूही एक होऊन बसतील. दिवा घालवता.

सकाळी साडेसात. बावधनची साइट, पुढच्या विंगचं लाइनआउट. पीसीसी अजून ओलसर आहे. मिस्त्री सोलापूरकडचे, डोक्याला टॉवेल, खांद्यावर लाइनदोरीची गुंडाळी. दोघं पोरं फक्कीची पाटी घेऊन उभी. काटकोन गुण्यानं बघून झाला, तरी मिस्त्रींचा विश्वास नाही. ते टेपनं तीन-चार-पाच करून पुन्हा ताडून बघतात, आणि पाचाशी अर्धा सूत फरक निघतो म्हणून खुंटी हलवतात. मग दोरी एका खिळ्याला बांधून दुसऱ्याकडे ताणत नेतात. तुमचा अंगठा नकळत आखडतो.

“साहेब, कॉलमचं सेंटर धरू का फेस?”

“फेस धरा. बाहेरचा. बीम तिथंच लागणार आहे.”

“म्हणजे सेंटरपास्नं सहा इंच.” ते खिळा उपटतात, दोरी दाताखाली धरतात, सहा इंच मोजून खिळा पुन्हा ठोकतात. दोरी बोटानं छेडतात, ती झणझणते. मग फक्कीवाल्या पोराला हात करून थांबवतात आणि मान वळवतात.

“प्लास्टर धरून, का सोडून?”

“सोडून!” तुम्ही म्हणता. गरजेपेक्षा जरा जोरातच.